आधी साल, मग पान, शेवटी फळ

डिसेंबर लागला की आमच्या अमरावतीच्या घराच्या गच्चीवर दोन सुपं कायम उन्हात असायची. एकात संत्र्याच्या साली, दुसऱ्यात अंबाडीच्या बोंडांवरून सोललेल्या लालभडक पाकळ्या. सालींवर सहसा माश्या बसत नसत, म्हणून त्या उघड्या. अंबाडीवर मात्र जुन्या धोतराचं फडकं. साली तीन-चार दिवसांत कडक व्हायच्या, वाकवल्या की कट्कन तुटायच्या, आणि मग आजी त्या काचेच्या बरणीत भरून ठेवायची.

साल ताजी असताना मात्र ती आमची असायची. चिमटीत दुमडून एकमेकांच्या डोळ्यांसमोर दाबायची, की डोळे चुरचुरलेच. संध्याकाळी दिव्याच्या ज्योतीपाशी तीच साल दाबली तर बारीक तुषार ज्योतीवर पडून तडतड ठिणग्या उडायच्या. नागपुरी संत्र्याची साल गराला चिकटून नसते, ढिली असते, त्यामुळे ती अख्खीच्या अख्खी हातात येते आणि या खेळाला फार सोयीची पडते. तिच्या केशरी अंगावर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. ठिणग्यांत जळायचं ते हे तेल. आणि थंडीत सकाळी हातात पितळी पेला यायचा, त्याच्या वाफेतून नाकात शिरायचं तेही हेच. या दोन गोष्टींचा संबंध मला फार उशिरा लागला.

या पुस्तकात आहे ते त्या पेल्याबद्दल. हिवाळ्यात घरी करायचं, मसाल्याचं, पानांचं आणि फळांचं गरम पेय. त्याला नेमकं काय म्हणावं याचा मी बराच विचार केला. चहा म्हणावं तर त्यात चहाचं पान नाही. काटेकोर बोलायचं तर चहा एकाच झाडाचा, ज्याची मळ्यांतून पानं खुडतात त्याचा. बाकी सगळे नावापुरते चहा. पण आपल्या भाषेने हा काटेकोरपणा कधीच सोडून दिलाय. परसातल्या गवताला आपण सरळ ‘गवती चहा’ म्हणतो आणि कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. काढा म्हणावं तर ऐकणाऱ्याचं तोंड आधीच कडू होतं. ‘कोण आजारी आहे?’ असंच विचारतात. म्हणून मी पुस्तकभर ‘चहा’ हाच शब्द वापरलाय. हे पेय औषधाच्या कपाटातून काढून पुन्हा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणावं, पाहुण्याला आवडीने विचारावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

काढ्याबद्दल मला राग नाही. उलट हे सगळं शास्त्र त्याच्याच घरचं आहे. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण काढून घेण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. ‘शार्ङ्गधर संहिते’त त्यांची मापंही दिलेली आहेत. क्वाथ, म्हणजे आपला काढा, करायचा तर भरड कुटलेल्या द्रव्याच्या सोळापट पाणी घ्यायचं, मातीच्या भांड्यात उकळायचं आणि आठवा हिस्सा उरला की उतरवायचं. हिम म्हणजे गार पाण्यात रात्रभर भिजवून ठेवायचं. आणि फांट म्हणजे भरड द्रव्यावर गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं, मग गाळायचं. उकळायचं नाही.

यातला काढा घराघरात टिकला आणि फांट हा शब्द वैद्यांपुरता उरला. माझ्या मते आपल्या हिवाळी पेयांचं जे काही बिघडलं ते इथे बिघडलं. सगळ्याच गोष्टींना आपण काढ्याचा नियम लावायला लागलो. तुळस असो, सुंठ असो, लिंबू असो, सगळं एकदम पातेल्यात टाकायचं आणि गॅस मोठा करायचा.

2020 सालच्या उन्हाळ्याची आठवण बहुतेकांना असेल. आयुष मंत्रालयाने तेव्हा तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यावा, हवं तर चवीला गूळ किंवा लिंबू घालावं, असं सुचवलं होतं. सूचना साधी होती. आमच्या घरात, आणि ओळखीच्या कितीतरी घरांत, तिचं काय झालं? चिमूटभर मिरीचे चमचे झाले, दहा मिनिटांचा अर्धा तास झाला, आणि भर एप्रिल-मेच्या उकाड्यात तो काळा कडवट रस दिवसातून चार वेळा पोटात जाऊ लागला. मी स्वतः महिनाभर तसा घेतला. छातीत जळजळ सुरू झाली, तोंड आलं, आणि माझ्या मुलीने तर त्या वासाचीच धास्ती घेतली. थंडी आली तरी ती दालचिनी नको म्हणायची. तिला पुन्हा पेला हातात धरायला लावायचं म्हणून मी आजीची रीत आठवायला बसले. या पुस्तकातली पहिली कृती ती. तिच्यासाठी केलेली.

आजीचं चुलीपाशी बसून चाललेलं काम मला दिसत होतं, पण क्रम आठवत नव्हता. मग एक वाक्य आठवलं. मी सात-आठ वर्षांची असेन. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या ठोंबातून गवती चहाची पाती ओरबाडून आणली होती, बोट कापून घेतलं होतं (त्या पात्याची कड पातळ करवतीसारखी असते) आणि मोठ्या उत्साहाने ती उकळत्या पाण्यात टाकायला निघाले होते. आजीने हात धरला. म्हणाली, ‘पानाले काहून उकळतं वं? त्याचा जीव तो केवढा!’

तिने पाती घेतली, तिघा-चौघांची मिळून एक सैल गाठ मारली, पातेलं चुलीवरून खाली उतरवलं, आणि मग ती गाठ आत सोडून वर झाकण घातलं.

त्या एका वाक्यात अख्खी रीत आहे. प्रत्येक जिन्नसाचा जीव वेगळा आणि पाण्यात उतरायची वेळ वेगळी. दालचिनी ही झाडाची साल, लवंग ही वाळलेली कळी, मिरी हे वाळलेलं फळ, सुंठ हा वाळलेला कंद. सगळे टणक. त्यांच्या आत पाणी शिरायलाच वेळ लागतो, म्हणून ते गार पाण्यातच घालायचे आणि पाण्याबरोबर तापू द्यायचे. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं त्यांना हवीतच. पानाचं उलटं. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य आणि तुळशीतलं, पुदिन्यातलं तेल हे सगळे उडून जाणारे. उघड्या पातेल्यात पान खळखळ उकळलं की वाफेबरोबर ते निघून जातात. घरभर सुंदर वास सुटला की आपण खूष होतो. पण जेवढा घरात पसरला तेवढा पेल्यातून गेलेला असतो. पान उतरत्या उष्णतेत, झाकणाखाली पाच-सात मिनिटं, एवढं पुरे. म्हणजे खोडाला क्वाथ आणि पानाला फांट. आजीने ‘शार्ङ्गधर संहिता’ पाहिलीही नव्हती, पण एकाच पातेल्यात ती दोन्ही करायची.

फळाचं मात्र एका नियमात बसत नाही. आवळा, लिंबू, संत्र्याचा रस यांना आच सोसत नाही. त्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होतं, आणि शिजलेल्या संत्र्याच्या रसाला एक शिळी, कडसर चव येते. म्हणून ते सगळ्यात शेवटी, पेल्यात. आवळा किसून, हाताने पिळून. पण सफरचंदाची फोड, उसाचं करवं, मनुका, सुकं अंजीर यांना शिजायला हवं. त्यांची गोडी आणि दाटपणा हळूहळू पाण्यात येतो. कोकम मधलं: आच बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं. संत्र्याची साल वाळलेली असेल तर दालचिनीबरोबर, ताजी असेल तर पानाबरोबर, आणि दोन्ही वेळा आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकून. कडवटपणा जास्त करून तिथे असतो. आमच्या आजीला अर्थात त्या कडवटपणाची थोडी आवड होती आणि ती सगळाच पांढरा भाग काढत नसे. ज्याने त्याने आपलं ठरवावं.

आल्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळल्यावर माझा हात बदलला. ओलं आलं आणि सुंठ यांना आपण एकाच वस्तूची दोन रूपं समजतो आणि एक नसलं तर दुसरं घालतो. चवीने त्या दोन वस्तू आहेत. ओल्या आल्यातला तिखटपणा जिंजेरॉलचा. आलं वाळताना त्यातल्या काही भागाचं शोगाओल होतं (जपानीत आल्याला ‘शोगा’ म्हणतात, त्यावरून हे नाव), आणि ते जिंजेरॉलपेक्षा बरंच जास्त तिखट. म्हणून सुंठ घशाला खाली जाऊन लागते आणि आलं जिभेवर लागतं. शिजवल्यावर ओल्या आल्याचा तिखटपणा निवतो आणि एक गोडसर वास येतो. मुलांसाठी करताना मी आलं ठेचून आधीपासून शिजवते. कडाक्याच्या थंडीत पहाटे बाहेर पडणाऱ्यासाठी सुंठ. आणि नुसती तरतरी हवी असेल तर आलं अगदी शेवटी किसून.

आता अंबाडीकडे येते, कारण हे पुस्तक लिहिताना मला सगळ्यात जास्त आनंद तिने दिला.

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना अंबाडी म्हणजे भाजी. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची चरचरीत फोडणी. शेताच्या धुऱ्यावर, तुरीच्या ओळीत, कुणी मुद्दाम न लावताही असायची. तिच्या खोडाचा वाख काढून दोऱ्या वळायचे. आणि हिवाळ्यात लाल अंबाडीचं फूल गळून गेलं की बोंडाभोवती मांसल, रसरशीत, गडद लाल असं एक वेष्टण उरतं. आपण त्यांना पाकळ्या म्हणतो, वनस्पतिशास्त्रात तो निदलपुंज. चटणी करायची, शरबत करायचं, वाळवून ठेवायचं. आमच्याकडे चिंच संपली की आमटीत या पाकळ्या पडायच्या. याहून मोठा मान तिला कुणी दिलेला मी पाहिला नव्हता.

काही वर्षांपूर्वी जर्मनीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने येताना ‘फळांच्या चहा’चा एक देखणा डबा आणला. तिकडे थंडीत तो घरोघरी पितात. गरम पाण्यात पुडी बुडवली आणि पाणी माणकासारखं लाल झालं. पहिला घोट घेतला आणि मी थबकले. ही चव माझ्या ओळखीची होती. डब्यावरची यादी तिने वाचून दाखवली: वाळलेलं सफरचंद, रानगुलाबाची फळं, आणि सगळ्यात आधी लिहिलेलं हिबिस्कस. मी पुडी फाडली, चुरा ताटलीत पसरला आणि बोटाने एक मोठा तुकडा बाजूला केला. गच्चीवरच्या सुपातली अंबाडी.

नंतर शोधत गेले तसं कळत गेलं की हे झाड किती देशांच्या पेल्यात आहे. इजिप्त आणि सुदानमध्ये त्याला करकदे म्हणतात, सेनेगलमध्ये बिसाप. जमैकामध्ये नाताळात आलं आणि लवंग घालून त्याचं पेय करतात. आणि मेक्सिकोत नाताळच्या आधीच्या नऊ रात्री, 16 ते 24 डिसेंबर, गल्लीगल्लीत जे उत्सव होतात त्यात मोठ्या हंड्यातून ‘पोंचे’ नावाचं गरम पेय वाटतात. त्याचे जिन्नस वाचताना मी पेन खाली ठेवलं. पेरू. उसाची कांडी. चिंच. वाळलेली अंबाडी. दालचिनी. आणि गोडीला पिलोन्सियो, म्हणजे उसाच्या रसाचा गूळच. त्यांचं तेखोकोते नावाचं एक डोंगरी फळ सोडलं तर बाकी सगळं आमच्या इतवारा बाजारात डिसेंबरच्या एका सकाळी पिशवीत भरून आणता येतं. पेरू मूळचा अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. ऊस आशियातून तिकडे गेला. दोन्ही टोकांना जिन्नस जमले, पण हंड्यात एकत्र आले ते तिकडे. आपल्याकडे त्याच महिन्यात पेरूला मीठ-तिखट लागतं, उसाचा रस बर्फ घालून गाड्यावर मिळतो, अंबाडी चटणीत जाते, आणि थंडी वाजली की आपण दुधाचा चहा टाकतो.

म्हणून या पुस्तकात मी पोंचे आपल्या जिन्नसांनी करून दिलंय. तेखोकोतेच्या जागी कवठ घालून पाहिलं, नीट जमलं नाही. पिकल्या बोरांनी जमलं. पेरू फार पिकलेला नको, बोटाने दाबला तर जेमतेम दबेल असा हवा, नाहीतर बिया सगळीकडे फिरतात आणि पेय गढूळ होतं.

मसाल्याच्या डब्याबद्दल थोडं. बाजारात ‘दालचिनी’ म्हणून जी जाड, लाकडासारखी कडक, एकाच पदराची साल मिळते ती बहुधा कॅसिया असते. खरी दालचिनी, जिला सिलोनची म्हणतात, ती कागदासारख्या पातळ पदरांची सुरळी असते आणि बोटांनी चुरडते. ती कोकणातही होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची जात काढली आहे. फरक नुसत्या चवीचा नाही. कॅसियात कूमरिन बरंच जास्त असतं आणि ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात जाणं यकृताला बरं नाही. कधीमधी चालेल, पण हिवाळाभर रोज घेणार असाल तर पातळ सालीचीच शोधून आणा. आणि दोन्हींपैकी कोणतीही असो, पूड घालू नका. पूड गरम पाण्यात बुळबुळीत होते आणि गाळण्यातून उतरत नाही.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं. पितळेचं घ्यायचं तर कल्हई ताजी हवी, नाहीतर कोकम-आवळ्यासारखं आंबट त्यात कळकतं. ॲल्युमिनियमचं पातेलं याच कारणाने नको. दूध यातल्या कोणत्याही आंबट चहात घालू नये, फाटतंच. ज्यांना दुधाशिवाय होत नाही त्यांच्यासाठी गोव्याकडचा, धने-जिऱ्याच्या पुडीचा, दूध-गूळ घालून केलेला कषाय शेवटच्या प्रकरणात दिलाय. तो या कुटुंबातला थोडा वेगळा, पण मला फार आवडतो. त्यात गूळ मात्र आच बंद करून, शेवटी.

गोडीला दिवाळीनंतर येणाऱ्या नव्या गुळासारखं दुसरं काही नाही. मध वापरणाऱ्यांनी पेय पिण्याजोगं कोमट झाल्यावर घालावा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. मधुमेह असेल तर गूळही साखरच समजावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी अंबाडीचा चहा रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण तिने रक्तदाब थोडा उतरतो. सर्दी जाईल, प्रतिकारशक्ती वाढेल असलं काही मी या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. गरम पेल्याने घशाला बरं वाटतं, नाक मोकळं होतं, हात ऊबदार होतात. तेवढ्यासाठी तो करावा.

पुढची पानं मी महिन्यांनुसार लावली आहेत, कारण बाजारही तसाच येतो. कार्तिकात आवळा आणि नवा गूळ. मार्गशीर्षात अंबाडी, संत्री, पेरू. पौषात बोरं आणि ऊस. माघात पुन्हा मृगबहाराची संत्री आणि नाशिकची द्राक्षं, तोवर थंडी ओसरू लागते. वर्षभर बरणीत बसलेलं कोकम, सांगलीकडचे बेदाणे आणि सुंठ हे कुठल्याही महिन्यात हाताशी असतात.

पहिला पेला कोणता करावा असं कुणी विचारलं तर माझ्या मुलीचा. चार जणांसाठी पाच कप गार पाणी. त्यात बोटभर दालचिनी, तीन लवंगा, चार मिरीदाणे आणि इंचभर ठेचलेलं आलं. मंद आचेवर उकळी आल्यावर दहा मिनिटं. मग अंबाडीच्या दहा-बारा वाळलेल्या पाकळ्या, आणखी तीन मिनिटं. पाण्याचा रंग फिरताना मुलांना जवळ बोलवावं. आच बंद. आता दोन चमचे चिरलेला गूळ, अर्ध्या संत्र्याची खरवडलेली ताजी साल आणि गवती चहाच्या चार पात्यांची गाठ. वर झाकण, आणि आजी करायची तसं झाकणीत वाटीभर गार पाणी. त्याने वाफ आतल्या आत निवते आणि वास परत पातेल्यात उतरतो. सात मिनिटांनी झाकण उचलाल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत असतील. ते ओट्यावर झटकू नका. झाकण पातेल्यावर तिरपं धरून सगळे आत पडू द्या, मग गाळा, आणि उरलेलं संत्रं पेल्यात पिळा.